अख्ख्या परंड्याचा टाय

मित्रांनो, परंडा तालुक्यातल्या एखाद्या घरात कधी गेलात आणि भिंतीवर कुणा काकांचा कोट-टायमधला फोटो दिसला, तर जरा जवळ जाऊन बघा. काकांच्या मिशांकडे नको, गळ्याकडे बघा. तांबड्या कापडावर बारीक रुपेरी तिरप्या रेघा दिसल्या, तर तो मीच. घरं वेगळी, गावं वेगळी, काका वेगळे. गळ्यात मात्र सगळ्यांच्या मी. मी एक जुना टाय आहे. परंड्याच्या नगीना फोटो स्टुडिओत माझं सारं आयुष्य गेलं आणि खरं सांगायचं तर मजेत गेलं. मधली काही वर्षं सोडा. तीही सांगणार आहे, कारण लपवायला माझ्याकडे खिसा नाही.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. सदऱ्याचं कापड सरळ कापतात, आम्हा टायांचं तिरपं कापतात. त्यामुळे आमचं अंग लवचीक होतं. गाठ मारली तर नीट बसते आणि सोडली तर सुरकुती आपोआप निघून जाते. माझ्या पोटात जाड अस्तर आहे, पाठीवर लांब टाका आहे आणि मला दोन टोकं आहेत. एक रुंद, एक अरुंद. ही दोन टोकं ध्यानात ठेवा, कारण पुढे जो काही घोळ झाला तो त्यांनीच घातला.

मकबूलभाईंनी मला सोलापूरच्या बाजारातून आणलं. तेव्हा ते ऐन तरुण होते. स्टुडिओ नवा होता आणि उत्साह इतका, की दारावरच्या पाटीवर 'कोट-टायची सोय आहे' असं आधी रंगवून घेतलं आणि मग टाय आणायला निघाले. येताना बसमध्ये मला कागदातून पुन्हा पुन्हा बाहेर काढून बघत होते. शेजारचा प्रवासी वैतागला, पण यांना पत्ता नव्हता. स्टुडिओत आल्यावर मात्र त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. टाय आणला खरा, पण तो बांधायचा कसा?

त्यांनी आरशासमोर बरीच झटापट केली. एकदा बुटाच्या नाडीचं असतं तसं फूल झालं, एकदा नुसतंच गाठोडं. त्यांची नवी नवरी शरिफाबी डबा घेऊन आली होती. ती दारातच तोंडावर ओढणी धरून हसत उभी राहिली. मकबूलभाईंचे कान माझ्याइतकेच तांबडे झाले.

नशिबाने थोड्याच वेळात औषध कंपनीचा एक माणूस आला. बार्शीहून येऊन तो परंड्याच्या दवाखान्यांत फिरायचा. त्याला फोटो हवा होता आणि त्याच्या स्वतःच्या टायवर खोकल्याचं औषध सांडलं होतं. त्याने मला उचललं, गळ्यात घातलं आणि पावसापाण्याच्या गप्पा मारता मारता गाठ मारून मोकळा झाला. फोटो निघाल्यावर त्याने मला थोडं सैल केलं, डोक्यावरून काढलं आणि खिळ्याला अडकवलं.

"आता ही गाठ तेवढी सोडू नका, म्हणजे झालं," तो म्हणाला. "सैल करायची, डोक्यातून घालायचं, वर सारायची. कुणालाही जमेल."

मकबूलभाईंनी हा शब्द असा काही मनावर घेतला, की दुसऱ्या दिवशी माझ्या खिळ्याच्या वर पाटी लागली. 'टायची गाठ सोडू नये. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, हे आजवर कुणी विचारलं नाही.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. नोकरीच्या अर्जाला फोटो, पासबुकाला फोटो, मुलगी बघायला जायच्या आधी पाठवायला फोटो; जो तो टाय मागायचा. आरशापुढे कंगवा आणि पावडरचा डबा ठेवलेला असे. गिऱ्हाईक भांग पाडायचं, पावडर थापायचं, मग मकबूलभाई त्याला कोट चढवायचे आणि सर्वांत शेवटी मी. वर कोट-टाय आणि खाली धोतर किंवा लुंगी, असा तो थाट असायचा. फोटो छातीपर्यंतच असल्यामुळे खालची गोष्ट आमच्या तिघांतच राहायची. मी, कोट आणि कॅमेरा.

बब्रुवान नावाचे एक शेतकरी पहिल्यांदा आले, तेव्हा मला गळ्यात घालून ते पुतळ्यासारखे ताठ बसले. चेहरा लाल होत चालला.

"मकबूलभाई, आता श्वास घिऊ का नगं?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"घ्या की दादा! फोटो हाय, डागदरची तपासणी न्हाय."

त्या फोटोत बब्रुवानदादा हसताना आले आहेत. तो त्यांच्या घरातला सगळ्यांत चांगला फोटो आहे, असं त्यांची बायको अजून म्हणते. असं काही ऐकलं की मला फार बरं वाटायचं. कौतुक चेहऱ्याचं व्हायचं, पण चेहरा खुलवायला गळ्यात मी असायचो ना!

आमच्या स्टुडिओत एकदा मोठी गंमत झाली होती. तीही सांगतो, कारण तिचा पुढे उपयोग झाला. तेव्हा रिळाचे दिवस होते. निगेटिव्हवरून फोटो छापायचे. शांतलिंग नावाच्या एका मुलाचा फोटो स्थळाकडे पाठवायचा होता आणि मकबूलभाईंनी घाईत निगेटिव्ह उलटी धरून छापली. उलटी म्हणजे डोकं खाली नव्हे; उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे. शांतलिंगच्या उजव्या गालावर ठसठशीत तीळ होता, तो फोटोत डाव्या गालावर गेला. मुलगा प्रत्यक्ष बघायला आलेली मंडळी चहा पिता पिता फोटोकडे बघत, मग मुलाकडे बघत. शेवटी मुलीचा मामा उठून म्हणाला, "पोरगा बदललाय ह्यो!" लग्न मोडायची वेळ आली. मकबूलभाई स्वतः निगेटिव्ह घेऊन धावत गेले आणि उजेडात धरून दोन्ही बाजूंनी दाखवली, तेव्हा कुठे मामांची खात्री पटली. लग्न झालं, आणि लग्नाचे फोटोही आमच्याकडेच आले. पण तेव्हापासून मकबूलभाई डावं-उजवं या बाबतीत भलतेच जागरूक झाले.

आता ईरण्णा गुरुजींबद्दल. फार सज्जन माणूस. उमरग्याकडचे निवृत्त शिक्षक, परंड्याला लेकीकडे आले होते. पासपोर्टचा फोटो हवा होता. त्या फोटोला चष्मा चालत नाही, म्हणून मकबूलभाईंनी त्यांना चष्मा काढायला लावला. फोटो झाला आणि मकबूलभाई आत काळोख्या खोलीत गेले. गुरुजींनी गळ्यातून मला काढलं. दुसऱ्याची वस्तू वापरली, तर ती नीट घडी करून परत द्यावी, ही त्यांची जन्माची शिस्त. पाटी त्यांच्या नाकासमोर होती, पण चष्मा टेबलावर होता. त्यांनी माझी गाठ अलगद सोडली, मला मांडीवर सरळ केलं, सुरेख चौपदरी घडी घातली, खुर्चीवर ठेवलं आणि समाधानाने उमरग्याची बस पकडायला निघून गेले; फोटो लेक नेणार होती.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदाच मोकळा झालो होतो. अंगातून कळ निघाली आणि मग कसं हलकं वाटलं! पण मकबूलभाई बाहेर आले, त्यांनी घडी पाहिली आणि मटकन खुर्चीत बसले. नेमके माझ्यावरच. अख्ख्या परंड्याला टाय घालणाऱ्या माणसाला टाय बांधता येत नाही, हे कुणाला सांगायचं? ज्यांच्या गळ्यात आजवर त्यांनी मला सरकवलं, ते सगळे त्यांना या कामातले उस्ताद समजत होते. शरिफाबीला आरशासमोरचं ते गाठोडं आठवत असणार, पण तिनेही तो विषय कधी काढला नव्हता.

दरम्यान कॉम्प्युटर आला होता. फोटो साध्या शर्टात काढायचा आणि कोट-टाय नंतर पडद्यावर चिकटवायचा. मकबूलभाईंनी ही सोय आनंदाने उचलली. कुणी माझी चौकशी केलीच, तर म्हणायचे, "आता कोण घालतंय गळ्यात? सगळं कॉम्प्युटरवर हुतंय." म्हणताना ते माझ्याकडे बघत नसत. मला त्यांनी स्टुडिओच्या पडद्याला बांधून टाकलं. एका बाजूला ओढलेला पडदा घसरू नये म्हणून माझा उपयोग. धूळ बसली, रुपेरी रेघा मळकट झाल्या आणि पडद्यामागे एका पालीने संसार मांडला. रोज समोर माणसं येऊन बसत, आणि त्यांच्या गळ्यात तो कॉम्प्युटरमधला निळा टाय जाई, ज्याला कुणाच्या घामाचा वास माहीत नाही. मला वाईट वाटायचं. फार वाटायचं. पण आमच्या मालकाचा राग कधी आला नाही. बांधता न येणाऱ्या वस्तूकडे रोज बघत बसणं त्यांनाही सोपं नव्हतं.

आणि मग झरीनचं प्रकरण निघालं. झरीन ही मकबूलभाई आणि शरिफाबीची मुलगी. लहानपणी ती स्टुडिओत काउंटरखाली बसून अभ्यास करायची. परंड्याच्या कॉलेजातून बी. कॉम. झाली आणि सोलापूरच्या एका मोठ्या हॉटेलात स्वागत-कक्षावर कामाला घेणार, असं ठरलं. एका सोमवारी ती मुलाखतीहून परतली ती नाचतच. मकबूलभाईंनी काउंटरवरून उडी मारायची तेवढी बाकी ठेवली.

"पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय, अब्बा," ती म्हणाली. "पहिले काही दिवस काम बघून कायम करायचं का न्हाय ते ठरवणार हायेत. पांढरा शर्ट, काळी पँट आन् टाय. त्यांचा टाय कायम झाल्यावर मिळतो, तवर आपला आणायचा. मॅडमनी इचारलं, टाय बांधता येतो का, आमच्याकडं तयार गाठीचा रबराचा चालत न्हाय. मी म्हनलं, मॅडम, आमच्या अब्बांनी अख्ख्या परंड्याला टाय घातलाय!"

"मग?" मकबूलभाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"मग काय! मॅडम हसल्या. म्हनल्या, बघू की, पहिल्या दिवशी आमच्यासमोर बांधून दाखवा. अब्बा, शिकवा की आता."

"शिकवू की. सवड झाली की शिकवू."

पण सवड काही होईना. मंगळवारी शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो आले. बुधवारी प्रिंटर बिघडला, म्हणजे मकबूलभाई म्हणाले की बिघडला. मला तर तो चांगला चालताना दिसत होता. गुरुवारी त्यांना अचानक आठवलं की कॅमेऱ्याची भिंगं पुसायची राहिली आहेत. पडद्याला बांधलेला मी हे सगळं बघत होतो. झरीन मोबाइलवर व्हिडिओ लावून एकटीच ओढणीवर प्रयत्न करायची. तिचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. मोठ्या तोंडाने आपण बोलून आलो, आता सोमवारी सगळ्यांसमोर फजिती होणार आणि नोकरीही जाणार, या विचाराने तिला जेवण जात नव्हतं. वर अब्बा टाळताहेत, हेही तिला कळत होतं. कामाचं कारण तिला खरं वाटेना. मी लांब जाऊ नये असंच अब्बांच्या मनात असेल का, असं ती एकदा अम्मीला म्हणाली, तेव्हा पडद्यावरून उडी मारून तिला खरं काय ते सांगावंसं वाटलं.

शुक्रवारी दुपारी नमाज पढून मकबूलभाई स्टुडिओत आले, तर शरिफाबी पडद्यापाशी उभी. तिने मला सोडलं होतं. पाल केव्हाच पळाली होती.

"ह्यो तुमी सोलापूरहून आणलेला टाय न्हवं का?"

"व्हय."

"रिठ्याच्या पाण्यात धुते. वर फडकं टाकून इस्त्री करते." मग तिने दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "झरीनचे अब्बा, तुमाला येतंय का बांधायला?"

मकबूलभाईंनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं.

"मला ठावं हाय," शरिफाबी म्हणाली. "नवी नवरी हुते तवापासून ठावं हाय. पण पोरीला वाटाय लागलंय की तुमाला तिचं जाणंच पसंत न्हाय. तेवढं तिच्या मनातनं काढा."

त्या दिवशी रिठ्याच्या फेसात मी किती वर्षांनी अंघोळ केली! संध्याकाळी सावलीत वाळलो. शनिवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मकबूलभाईंनी झरीनला स्टुडिओत बोलावलं आणि मला तिच्या हातात दिलं.

"झरीन," ते म्हणाले, "मला टाय बांधता येत न्हाय."

झरीन बघतच राहिली. "आन् मग एवढी वर्सं?"

"एकानं बांधून दिला हुता. आमी नुसता वर-खाली सारत हुतो. तू लांब चाललीस म्हणून न्हाय टाळलं गं. मला शरम वाटली म्हणून टाळलं."

झरीन आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदमच करायला लागली. मकबूलभाईही हसले. आणि तेवढ्यात बब्रुवानदादा आत आले. ते आता म्हातारे झाले होते आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नवा फोटो काढायला आले होते. काय चाललंय ते ऐकून त्यांनी बाह्या सरसावल्या.

"आणा हिकडं. त्यात काय हाय? आमी जलमभर बैलं बांधली." त्यांनी मला मकबूलभाईंच्या गळ्यात टाकलं आणि बैलाच्या दाव्याची जी गाठ मारली, ती मारली. घट्ट. मग ती सुटेना. मकबूलभाई कासावीस झाले, दादा "हलू नगा, हलू नगा" म्हणत दुसरीकडून ओढायला लागले. शेवटी झरीनने केसातली पिन काढून मला त्या संकटातून सोडवलं. बैल हे सगळं कसं सहन करतात देव जाणे. बब्रुवानदादा ओशाळून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ह्यो मऊ हाय, म्हणून फसलं. तुमचं चालू द्या, मी नुसतं बघतो."

मग मोबाइल निघाला. व्हिडिओतला माणूस भला होता, सावकाश सांगत होता. "उजवीकडचं रुंद टोक डावीकडे न्या." पण तो समोर तोंड करून उभा. त्याचा उजवा हात पडद्यावर डावीकडे दिसायचा. झरीन कानाने ऐकायची ते एक, डोळ्याने बघायची ते दुसरं. हात मध्येच अडखळायचे. एकदा अरुंद टोक गुडघ्यापर्यंत लोंबलं आणि रुंद टोक हनुवटीखाली राहिलं. एकदा गाठ बसली, पण उलटी, शिवण पुढे करून. एकदा निरगाठ झाली आणि पुन्हा पिन लागली. झरीनने मला गळ्यातून काढून टेबलावर टाकलं.

"न्हाय जमत मला. सोमवारी जाऊन सांगते की खोटं बोलले म्हणून."

मकबूलभाई मोबाइलकडे बघत होते. त्यांनी तो उजेडाकडे धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. मग एकदम म्हणाले, "अगं, ही निगेटिव्ह उलटी हाय!"

"कसली निगेटिव्ह, अब्बा?"

"त्या शांतलिंगाचा तीळ! ह्यो मानूस आपल्याकडं तोंड करून उभा हाय. म्हणून त्याचं उजवं आपल्या डावीकडं येतंय. त्याला पलटी करायला पायजे. चल, आरशासमोर."

त्यांनी झरीनला गिऱ्हाइकांच्या आरशासमोर उभं केलं. स्वतः तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि मोबाइलचा पडदा आरशाकडे करून धरला. आता झरीनने समोर पाहिलं, तर आरशात दोन माणसं शेजारी शेजारी. एक ती स्वतः आणि एक व्हिडिओतला. त्याचा उजवा हात तिच्या उजव्या हाताच्याच बाजूला. तो म्हणतो उजवं, तर दिसतंही उजवंच. बब्रुवानदादा खुर्चीतून उठून बघायला आले.

रुंद टोक अरुंदावरून गेलं. मागून फिरलं. पुन्हा पुढून आलं. गळ्याखालून वर निघालं आणि पुढच्या पट्टीतून खाली उतरलं. झरीनने ओढलं. मला कळलं. अंगभर कळलं. गाठ बसली होती, मित्रांनो. थोडी वाकडी, पण गाठ.

"जमली!" बब्रुवानदादा ओरडले. "जमली की वो!"

"सोड," मकबूलभाई म्हणाले. "परत बांध."

ती सोडायची, परत बांधायची. मोबाइल धरून मकबूलभाईंचा हात अवघडला, त्यांनी हात बदलला, पण खाली घेतला नाही. दादांनी आपला फोटो दुसऱ्या दिवशी काढू म्हणून सांगितलं आणि तरीही बसून राहिले. शरिफाबीने दारातून डोकावून पाहिलं आणि चहा टाकायला गेली. रविवारीही तेच चाललं. इतक्या वेळा मोकळं होण्याची मला सवय नव्हती, पण मला ते फार आवडलं. टाय हा बांधण्यासाठी असतो तसा सोडण्यासाठीही असतो, हे मला उतारवयात कळलं.

रविवारी संध्याकाळच्या बसने झरीन मला घेऊन सोलापूरला खालाकडे, म्हणजे मावशीकडे गेली आणि सोमवारी हॉटेलात हजर झाली. गाठ तिने घरूनच मारली होती आणि छान बसली होती. नव्या मुलामुलींची रांग लागली. मॅडम एकेकाला बघत आल्या. झरीनपाशी थांबल्या.

"परंड्याच्या तुम्हीच ना? वडील अख्ख्या गावाला टाय घालतात त्या?" त्या हसून म्हणाल्या. "आता सोडा आणि इथेच बांधून दाखवा."

झरीनने माझी गाठ सोडली. समोर आरसा नव्हता. नुसती भिंत आणि मॅडमचा चेहरा. तिने सुरुवात केली आणि अरुंद टोक लांब आलं. रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, संपलं. पण झरीनने मला शांतपणे पुन्हा मोकळं केलं, डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत हात चालवले. वरून, मागून, पुन्हा पुढून. मी जमेल तेवढं अंग सैल सोडलं. टायला एवढंच करता येतं. गळ्याखालून वर, पट्टीतून खाली. तिने डोळे उघडले.

मॅडमनी एका बोटाने गाठ किंचित सरळ केली.

"छान. वडिलांनी शिकवला?"

"व्हय मॅडम," झरीन म्हणाली. मग जरा थांबून मान वर करून म्हणाली, "त्यांना बांधता येत न्हाय. तरी त्यांनीच शिकवला."

रांगेतलं हसू थांबलं. मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. दुपारच्या सुट्टीत झरीनने हॉटेलच्या मागच्या पायऱ्यांवर बसून फोन लावला. मी तिच्या गळ्यातच होतो, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"अब्बा, झालं. बांधला."

पलीकडून मकबूलभाईंचा आवाज आला, अगदी कामाचा असावा तसा. "टोक कुठवर आलं?"

"पट्ट्यापर्यंत."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन शरिफाबीच्या हातात दिला.

महिन्याभरात झरीन कायम झाली आणि तिला हॉटेलचा टाय मिळाला. मी परंड्याला परत आलो. हल्ली नोकरीला निघालेली गावातली पोरं-पोरी शिकायला येतात आणि मकबूलभाई त्यांना आरशासमोर उभं करून मोबाइल धरतात. तर मित्रांनो, एवढं ऐका. तुमच्या घरी माझ्या जातीचं कुणी असेल, तर त्याला पिळून धुऊ नका, पडद्याला बांधू नका, आणि संध्याकाळी घरी आलात की त्याची गाठ सोडून त्याला सरळ टांगा. रात्रभर त्यालाही अंग मोकळं करू द्या. सकाळी बांधता आला नाही, तर घरातल्या कुणाला तरी खुशाल सांगा, "मला येत नाही." बहुधा त्यांनाही येत नसेल. मग दोघंही आरशासमोर शेजारी शेजारी उभे राहा.